रिकाम्या बसलेल्या माणसाचं गणित

मोठ्या बँकेच्या मुख्य कार्यालयात नेटवर्कवर नजर ठेवणारी एक खोली असते. भिंतीभर पडदे, त्यावर हिरव्या-तांबड्या खुणा आणि समोर खुर्च्या. तिथली माणसं तिला ‘नॉक’ म्हणतात. समजा, त्यातली एक खुर्ची कधीच मोकळी राहता कामा नये. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही आणि पहाटे तीन वाजताही नाही. या एका खुर्चीसाठी किती माणसं नेमावी लागतील?

आठ तासांची एक शिफ्ट, दिवसाच्या तीन शिफ्टा, म्हणून तीन, असं बहुतेक जण चटकन सांगतात. साप्ताहिक सुट्टी आठवली की उत्तर चारवर जातं. आता कागदावर मांडून पाहू. वर्षाचे तास ८,७६०. पाच दिवसांचा आठवडा धरला तर एका माणसाचे कामाचे दिवस २६०. सणवार, हक्काची रजा, ताप-खोकला, प्रशिक्षण यांत चाळीसेक दिवस जातात. उरले २२० दिवस, म्हणजे १,७६० तास. ८,७६० ला १,७६० ने भागलं की ४.९८ येतात. म्हणजे एका खुर्चीला पाच माणसं!

तरी एक गोष्ट राहिलीच. रात्रपाळीचा माणूस सकाळी नुसता उठून जात नाही. कुठली लिंक रात्रभर हेलकावे खात होती, कुठल्या शाखेचा राऊटर बदलायचा आहे, टेलिकॉम कंपनीकडे कुठली तक्रार पडून आहे, हे तो पुढच्याला समजावून सांगतो. त्याला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात दोघांचाही पगार चालू असतो. दिवसातून तीनदा असं झालं की नॉकचा दिवस साडेपंचवीस तासांचा होतो. पाचाचे सव्वापाच होतात. रात्री खोलीत माणूस एकटा नको, म्हणून दोन खुर्च्या धरल्या तर साडेदहा. आणि अजून आपण एकही फोन उचललेला नाही. हा हिशेब नुसत्या हजेरीचा झाला.

हा भाग मात्र सोपा आहे. त्रैराशिक येणाऱ्या कुणालाही तो जमेल. खरं कोडं हेल्पडेस्कवर सुरू होतं, कारण तिथे काम ठरलेल्या वेळी येत नाही. ‘लिंक गेली’, ‘पासवर्ड चालत नाही’, ‘प्रिंटर दिसत नाही’ असे फोन येतात ते त्यांच्या मर्जीने. मर्जीने येणाऱ्या कामासाठी किती माणसं बसवायची, या प्रश्नाचं पहिलं पक्कं उत्तर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कोपनहेगनमध्ये सापडलं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून हाताने जोडण्या लावणाऱ्या ऑपरेटर होत्या.

आग्नर क्रारुप एर्लांग हा डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग या गावच्या शाळामास्तरांचा मुलगा. जन्म १ जानेवारी १८७८ चा. गणितात पदवी घेऊन काही वर्षं तो शाळेत शिकवत होता. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत तेव्हा योहान येन्सन नावाचे अभियंते होते. गणितातली ‘येन्सनची असमानता’ त्यांचीच. पोटापाण्यासाठी टेलिफोन आणि फावल्या वेळात गणित, असा त्यांचा संसार होता. त्यांनी एर्लांगची गाठ कंपनीचे प्रमुख फ्रेडरिक योहानसेन यांच्याशी घालून दिली. योहानसेन स्वतःच या विचारात पडलेले होते की ग्राहकाला किती वेळ थांबावं लागतं आणि ते आधी काढता येईल का. १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत रुजू झाला.

या माणसाबद्दल सांगितलं जातं की केबलमधली वीजगळती मोजायला तो स्वतः कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये उतरायचा. सोबत शिडी घेऊन एक कामगार असायचा. संभाव्यतेचा सिद्धान्त मांडणारा गणिती गटारीसारख्या भोकातून बाहेर येतो आहे, हे चित्र मला फार आवडतं. त्याच्या सूत्रांना मातीचा वास आहे तो उगाच नाही.

१९०९ मध्ये त्याने दाखवून दिलं की हजारो माणसं आपापल्या कारणाने, एकमेकांना न विचारता फोन करत असतील, तर त्या गोंधळालाही एक शिस्त असते. फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाटणीत ते फोन बसतात. आपल्या हेल्पडेस्कवर ताशी सरासरी ३० फोन येत असतील तर दहा मिनिटांत सरासरी पाच. पण दहा मिनिटांत नेमके पाचच फोन येण्याची शक्यता अवघी साडेसतरा टक्के. आठ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता तेरा टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले तर साधारण दर सातव्या-आठव्या तुकड्यात हेल्पडेस्कची धावपळ उडते. आणि दर पंचविसाव्या तुकड्यात जेमतेम एक फोन येतो, किंवा तोही येत नाही. यात कुणाचं काही बिघडलेलं नसतं. सगळं सुरळीत चालू असतानाही असंच होतं.

किती माणसं बसवली तर रांगेत किती थांबावं लागेल, हे त्याच्या १९१७ च्या सूत्रातून काढता येतं. आता ते आपल्या बँकेला लावू. ताशी ३० फोन, प्रत्येकाला सरासरी दहा मिनिटं. म्हणजे तासाला ३०० मिनिटांचं, पाच माणसांना पुरेल इतकं काम. या मोजमापाला आज ‘एर्लांग’ म्हणतात. आपल्या हेल्पडेस्कवर पाच एर्लांगचा भार आहे. मग पाच माणसं बसवली की काम झालं, असं कुठल्याही हिशेबी माणसाला वाटेल. कामाएवढी माणसं, न्याय्य वाटणी, कुणी रिकामं नाही.

पाच माणसं बसवली तर रांग वाढत जाते आणि ती वाढ कधीच थांबत नाही.

हे पहिल्यांदा वाचताना माझा विश्वास बसला नव्हता. कारण मात्र अगदी साधं आहे. फोन कमी आले त्या दहा मिनिटांत माणसं रिकामी बसली. तो रिकामा वेळ कपाटात ठेवून गर्दीच्या वेळी काढता येत नाही. गर्दीत तुंबलेलं काम मात्र आपोआप पुढे ढकललं जातं. फायदा साठत नाही, तोटा साठतो. एवढ्यानेच काटा नेहमी एका बाजूला झुकतो.

सहावा माणूस बसवा. रांग आटोक्यात येते आणि फोन करणाऱ्याला सरासरी सुमारे सहा मिनिटं थांबावं लागतं. सातवा बसवा: दीड मिनिटाच्या थोडं वर. आठवा बसवला की ३३ सेकंद. नववा आला की १२ सेकंद. सहाव्यापासून आठव्यापर्यंत माणसं वाढली एक तृतीयांशाने आणि थांबण्याचा वेळ दहापटींहून जास्त घटला. गुणाकार-भागाकारावर वाढलेल्या आपल्या मनाला हे पटत नाही. माणसं आणि काम यांचं नातं सरळ रेषेचं असावं असं आपण धरून चालतो, आणि इथे ती रेष कड्यासारखी कोसळते.

आता याच आकड्यांकडे साहेबांच्या नजरेने पाहू. आठ माणसं आहेत, भार पाचाचा आहे. म्हणजे कोणत्याही क्षणी आत डोकावलं तर सरासरी तीन जण रिकामे दिसणार. एक चहा घेतोय, एक मोबाईल बघतोय, एक खिडकीबाहेर. खर्चकपातीच्या वर्षात साहेब त्यातल्या दोघांना दुसऱ्या विभागात पाठवतात. तिसरा उरतोच आहे, म्हणजे आपण उदारच वागलो, असंही त्यांना वाटतं. दुसऱ्या दिवसापासून ३३ सेकंदांची सहा मिनिटं होतात. शाखांमधून तक्रारी येऊ लागतात आणि ‘हेल्पडेस्कची पोरं कामच करत नाहीत’ असा शेरा पडतो, नेमका त्यांनी सर्वांत जास्त काम केलं त्या महिन्यात. माझ्या मते असल्या विभागांवर होणारा सर्वांत मोठा अन्याय हाच, आणि तो बहुतेकदा कुणाच्या दुष्टपणातून होत नाही. भागाकारातून होतो.

एकट्याने काम करणाऱ्या तज्ज्ञाचं तर आणखीच अवघड. फायरवॉल सांभाळणारा एकच जण आहे असं धरा. तो निम्मा वेळ कामात असेल तर त्याच्याकडे येणाऱ्या कामाला सरासरी एका कामाइतका वेळ थांबावं लागतं. ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर चार कामांइतका, नव्वद टक्के तर नऊ, पंच्याण्णव टक्के तर एकोणीस. ‘शंभर टक्के कार्यक्षम’ माणसाकडे गेलेलं काम परत येत नाही, हा सरकारी-खासगी सगळ्या कचेऱ्यांतला अनुभव. त्याला गणिताचा आधार आहे.

एर्लांगच्या सूत्रातली दुसरी जादू एकत्र येण्याची आहे. समजा, बँकेने मुंबईत चार आणि नागपुरात चार माणसं बसवली. दोन्हीकडे ताशी १५ फोन, विदर्भाचे फोन नागपूरलाच जातात आणि कोकणातले मुंबईला. थांबण्याचा सरासरी वेळ येतो दोन मिनिटं आठ सेकंद. आता माणसं जागची हलवू नका. फक्त फोनची रांग एक करा, म्हणजे ज्याचा हात मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा फोन जाईल, मग तो मालवणचा असो की गोंदियाचा. तीच आठ माणसं, तेच ३० फोन, आणि थांबणं उरतं ३३ सेकंद. एक पैसा खर्च नाही! आधीच्या व्यवस्थेत मुंबईत रांग लागलेली असताना नागपूरला दोघे रिकामे बसलेले असू शकतात. नंतरच्या व्यवस्थेत ते शक्य नाही. बँकेत काउंटरगणिक रांगा जाऊन टोकन आलं, ते याचमुळे.

याच गोष्टीचं पुढचं टोक म्हणजे वर्गमुळाचा नियम. भार जितका असेल त्याच्या वर्गमुळाएवढी माणसं वर धरली की सेवा साधारण एका पातळीवर राहते. पाच एर्लांगला दोन-सव्वादोन माणसं जास्त लागतात, पन्नासला सात, पाचशेला बावीस. काम शंभर पटींनी वाढलं, पण ‘रिकाम्या’ माणसांची गरज फक्त दहा पटींनी वाढली. एर्लांगला हे १९२० च्या दशकातच दिसलं होतं. बेल लॅब्जमधल्या श्लोमो हाफिन आणि वॉर्ड व्हिट यांनी १९८१ मध्ये त्याला नेटकी सिद्धता दिली. छोट्या संस्थेला सेवा महाग का पडते आणि मोठीला स्वस्त का, याचं उत्तर त्या वर्गमुळात आहे. तालुक्याच्या नागरी बँकेने आयटी विभाग कितीही काटकसरीने चालवला तरी सर्वांत मोठ्या बँकांच्या दरात तो पडणार नाही.

एर्लांग बहुतेक डॅनिशमध्ये लिहायचा. त्याचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधला एक संशोधक डॅनिश शिकला, असं सांगतात. एर्लांगने लग्न केलं नाही आणि कंपनीतल्या वीस वर्षांत आजारपणाची रजा जवळजवळ घेतली नाही. आपल्या खुर्चीच्या हिशेबातले चाळीस दिवस त्याने नापास केले असते! १९२९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला. एरिक्सन कंपनीने १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक प्रोग्रॅमिंग भाषा घडवली, तिचं नावही ‘एर्लांग’. व्हॉट्सॲपचा सर्व्हर त्याच भाषेत लिहिला गेला. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा वापरणारे होते ४५ कोटी आणि अभियंते ३२. म्हणून ‘दर अमुक कर्मचाऱ्यांमागे एक आयटीवाला’ असे ठोकताळे कुणी सांगितले की मला शंका येते. डोकी मोजून काही कळत नाही. प्रत्येक डोक्यामागे महिन्याला किती फोन येतात, ते किती वेळ चालतात आणि कधी येतात, हे पाहावं लागतं.

‘कधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रेल्वेचं तत्काळ आरक्षण वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला उघडतं आणि बाकीच्यांसाठी अकराला. त्या मिनिटांना यंत्रणेवर पडणारा भार दिवसाच्या सरासरीत कुठेच दिसणार नाही. हेल्पडेस्कचंही तसंच. सोमवारी सकाळी सुट्टीवरून परतलेली माणसं पासवर्ड विसरून आलेली असतात. महिनाअखेरीला हिशेब विभागाच्या सगळ्या तक्रारी एकदम जाग्या होतात. दिवसाच्या सरासरीवर माणसं नेमली तर सोमवारी रांग लागते आणि गुरुवारी दुपारी माणसं जांभया देतात. पाळ्यांच्या वेळा थोड्या पुढे-मागे करणं, जेवणाची सुट्टी एकाच वेळी न ठेवणं, या गोष्टी त्या मानाने क्षुल्लक वाटतात. पण जेवणाच्या एका चुकीच्या वेळेने आठाचे सहा होतात, आणि सहाचं काय होतं ते आपण पाहिलं.

फोन करणारी माणसं रांगेत कायम थांबत नाहीत, कंटाळून फोन ठेवतात, ही गोष्ट एर्लांगच्या रांगेच्या सूत्रात नाही. १९४० च्या दशकात स्वीडनच्या कॉनी पाम यांनी ती आणली. आणखी एक गृहीतक नेटवर्कवाल्यांना छळतं. टेलिफोनवरचं संभाषण तीन-चार मिनिटांत संपतं. नेटवर्कचं काम तसं नसतं. एक पासवर्ड दोन मिनिटांत होतो आणि एक गूढ बिघाड दोन दिवस चालतो. कामांच्या लांबीत असा फरक असला की, सरासरी तीच असली तरी, रांग वाढते. एका मोठ्या कामामागे वीस छोटी अडकून पडतात. म्हणून हेल्पडेस्कला पायऱ्या असतात: एल-वन, एल-टू, एल-थ्री. पहिल्या पायरीवर छोटी कामं निपटतात, मोठी ‘एस्कलेट’ होतात. म्हणजे वर पाठवली जातात.

पण इथे पेच आहे. पायऱ्या पाडल्या, तज्ज्ञ वेगळे केले, की आपण पुन्हा मुंबई-नागपूर करून बसलो. वाय-फायवाल्याकडे रांग आणि राऊटरवाला रिकामा. सगळ्यांना सगळं शिकवणं परवडत नाही. कुणी शिकतही नाही. या पेचातून वाट दाखवली ती मोटारींच्या कारखान्यांच्या अभ्यासाने. जनरल मोटर्सचे विल्यम जॉर्डन आणि एमआयटीचे स्टीव्हन ग्रेव्ह्‌ज यांनी १९९५ मध्ये दाखवलं की प्रत्येक कारखान्याला सगळी मॉडेलं बनवता यायची गरज नाही. प्रत्येकाला आपल्याशिवाय आणखी एकच मॉडेल जमावं, फक्त त्या जोड्यांची साखळी पुरी व्हायला हवी. तेवढ्याने पूर्ण लवचीकतेचा बहुतेक सगळा फायदा मिळतो. हेच नेटवर्कच्या खोलीत आणा. राऊटरवाला थोडं फायरवॉल शिकेल, फायरवॉलवाला थोडं वाय-फाय, वाय-फायवाला टेलिफोनी, आणि टेलिफोनीवाला राऊटर. माणशी एकच जादा विद्या. कुठेही गर्दी झाली तरी काम साखळीतून सरकत सरकत मोकळ्या माणसापर्यंत पोचतं. प्रशिक्षणाचं अंदाजपत्रक मागायला जाणाऱ्यांनी हा एक निकाल खिशात ठेवावा.

इतका वेळ आपण धरून चाललो की फोन एकमेकांना न विचारता येतात. नेटवर्कच पडलं की ते गृहीतक पडतं. जेसीबीने रस्ता खणताना फायबर तोडली की एकाच मिनिटात चाळीस शाखा फोन करतात, पडद्यावर शेकडो तांबडे दिवे लागतात आणि ते सगळे एकाच बिघाडाचे असतात. अशा वेळी फोन उचलायला शंभर माणसं असली तरी त्यांच्याकडे सांगायला एकच वाक्य असतं. लागतात ती तीन-चार माणसं, ज्यांना नेमकं काय झालंय ते शोधता येईल.

८ जुलै २०२२ ला कॅनडात याची परीक्षा झाली. रॉजर्स या टेलिकॉम कंपनीने नेटवर्कच्या गाभ्यात सुधारणा करताना एका राऊटरवरचा गाळणीचा नियम काढला. मार्गांच्या माहितीचा पूर आला आणि गाभाच कोसळला. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे मोबाईल आणि इंटरनेट बंद, देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार बंद, तातडीच्या ९११ क्रमांकालाही फटका. कंपनीकडे अभियंते होते. पण त्यांचे फोन आणि घरचं इंटरनेट रॉजर्सचंच होतं, आणि उपकरणांपर्यंत पोचण्याची दुरूनची वाटही त्याच गाभ्यातून जात होती. माणसं हजर होती, पण एकमेकांना सापडत नव्हती. मनुष्यबळाच्या आराखड्यात दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड ही एक ओळ असावी लागते, आणि तिची किंमत पगाराच्या तुलनेत नगण्य असते.

अशा रात्रींसाठी ‘ऑन-कॉल’ असतं. म्हणजे माणूस घरी असतो, झोपतोही, पण फोन वाजला की उठायचं. इथे किती माणसं लागतात? गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपला हिशेब पुस्तकातून जाहीर केला. एका वेळी दोघे सज्ज हवेत, एक पुढे, एक पाठीशी. आणि कुणाचाही पाव हिस्स्याहून जास्त वेळ ऑन-कॉलमध्ये जाऊ नये. दोनाला पावाने भागा, आठ आले. एका ठिकाणी बसणाऱ्या गटात किमान आठ अभियंते. जगाच्या दोन टोकांना दोन गट असतील आणि रात्र कुणाच्याच वाट्याला येत नसेल तर प्रत्येकी सहा चालतील. त्यांच्या अनुभवाने एक घटना निस्तरायला, म्हणजे दुरुस्ती, कारणांचा शोध आणि अहवाल मिळून, सरासरी सहा तास जातात. म्हणून बारा तासांच्या पाळीत दोनहून जास्त घटना नकोत. तिसरी आली तर तिचं कारण शोधलं जाणार नाही आणि ती पुन्हा येईल. मला या हिशेबातली माणुसकी आवडते. झोप इथे आकड्यात धरलेली आहे.

दोन टोकांच्या गटांची कल्पना कागदावर सुंदर आहे. पुण्यात दिवस असतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्र, घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर. पुण्याने त्यांची रात्र सांभाळावी, त्यांनी आपली. प्रत्यक्षात हिंजवडीकडे रात्री धावणाऱ्या कॅबमधली अनेक पोरं-पोरी अमेरिकेचा दिवस सांभाळायला निघालेली असतात. गणिताने वाचवलेली रात्र करारात परत गेली, असं म्हणावं लागतं.

आणि माणसांनी करता येण्याजोग्या गोष्टीला एक सीमाही आहे. ‘९९.९ टक्के वेळ नेटवर्क चालू’ असं वचन दिलं तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा मिळते. तेवढ्यात माणसं उठतात, पोचतात, दुरुस्त करतात. ‘९९.९९९ टक्के’ म्हटलं की मुभा उरते सव्वापाच मिनिटांची, तीही सबंध वर्षात मिळून. इतक्यात ऑन-कॉल माणसाचा लॅपटॉपही उघडून होत नाही. त्यापुढे माणसं वाढवून काहीच साधत नाही. दुसरी केबल, दुसरा राऊटर आणि आपोआप होणारी अदलाबदल, यांवरच पैसा घालावा लागतो. करारात नवांची माळ लिहून देणाऱ्या विक्री विभागाला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

शेवटी एक छोटं हत्यार, फार उपयोगी. पुढे एमआयटीत गेलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं की कुठल्याही स्थिरावलेल्या रांगेत, कामं कशीही येवोत आणि कितीही चालोत, आत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. हेल्पडेस्कवर रोज ४० ‘तिकिटं’, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, येत असतील, पडद्यावर कायम २०० उघडी दिसत असतील, तर प्रत्येक तिकीट सरासरी पाच दिवस पडून आहे. ‘आम्ही दोन दिवसांत मिटवतो’ असं सादरीकरणात कितीही रंगवून सांगितलं तरी. या नियमाला अपवाद काढता येत नाही, आणि तो तपासायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या कचेरीत हेल्पडेस्क असेल तर त्याच्या फोनची महिनाभराची नोंद मागून घ्या. एका तासातले फोन गुणिले सरासरी मिनिटं, भागिले साठ. आलेल्या आकड्यात त्याचं वर्गमूळ मिळवा आणि त्या तासाला खुर्चीवर खरोखर किती जण असतात ते पाहा. तास मात्र सोमवारी सकाळचा घ्या, महिन्याची सरासरी घेऊ नका.